धर्मानंद कोसंबी : ग्रंथ, घर आणि मधली सात वर्षं

आपल्या वस्त्यांमधली विशी-पंचविशीतली मुलं-मुली हल्ली मूळ ग्रंथांकडे वळताहेत. दहा दिवसांचं शिबिर करून आलेला मुलगा पुढच्या महिन्यात पाली शिकायला लागतो, मग सुत्तपिटक, मग थेट अभिधम्म आणि विसुद्धिमग्ग. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर पीडीएफ उघडी असते. याचा आनंदच आहे. पण समाजकार्याच्या निमित्ताने घरोघरी जाताना याच मुलांच्या आया आणि बायकाही भेटतात. 'तो कुणाशी बोलतच नाही', 'स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोडला', 'बाळाला ताप होता तर म्हणाला, हे सगळं अनित्य आहे'. हे शेवटचं वाक्य ऐकल्यापासून मला धर्मानंद कोसंबींवर लिहायचं होतं. ग्रंथात बुडणं आणि घर चालवणं ही ओढाताण त्यांच्याइतकी दीर्घ काळ जगलेला दुसरा माणूस आपल्या भाषेत मला दिसत नाही.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६चा, गोव्यातल्या सांखवाळ गावचा. घर गौड सारस्वत ब्राह्मणांचं, राज्य पोर्तुगीजांचं. शिक्षण मराठी शाळेपुरतं आणि तेही तुटक, कारण प्रकृती नाजूक आणि घरच्या नारळीच्या बागा बघायला माणूस हवा होता. पंधराव्या वर्षाच्या आसपास लग्न झालं, चिखलीच्या लाड घराण्यातल्या बालाबाईंशी. इंग्रजी येत नव्हतं, संस्कृत नावापुरतं. अशा माणसाच्या हाती 'बालबोध' नावाच्या मुलांच्या मासिकाचा अंक पडला आणि त्यात बुद्धाचं छोटं चरित्र होतं. तिथून सगळं सुरू झालं. त्या काळात बुद्धाविषयी मराठीत वाचायला जवळजवळ काही नव्हतं. एकदोन पुस्तकं मिळवून त्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. बागेचा हिशेब, गडीमाणसं, घरातले वाद यातून मन पार उडालं. घर सोडून जाण्याचे प्रयत्नही झाले आणि फसलेही.

डिसेंबर १८९९मध्ये ते निघाले ते मात्र गेलेच. घरात बालाबाई होत्या आणि काही महिन्यांची मुलगी, माणिक.

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्या व्याख्यानांतून हा प्रसंग एका ओळीत उरकला जातो. ज्ञानासाठी घरादाराचा त्याग केला, म्हणतात, आणि टाळ्या पडतात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गोव्यात, तान्ही मुलगी पदरात असताना नवरा निघून गेलेल्या बाईचं काय होत असेल, याची कल्पना करायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. ती सासरी असली तर ओझं, माहेरी असली तर चर्चेचा विषय. विधवा नाही आणि सवाष्णही धड नाही. कोसंबींनी पुढे 'निवेदन' नावाचं आत्मचरित्र लिहिलं. ते प्रामाणिक आहे, स्वतःच्या उणिवा झाकत नाही. तरी आत्मचरित्र एकाच माणसाचं असतं. प्रवास त्यांचा होता, म्हणून पानंही प्रवासाची आहेत.

आणि तो प्रवास खरोखरच विलक्षण होता. आधी पुणे, तिथे डॉ. भांडारकर आणि प्रार्थना समाजाचा आधार. मग ग्वाल्हेरवरून काशी. काशीत संस्कृत शिकायचं तर जेवण अन्नछत्रात, आणि अन्नछत्रं ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. कोसंबी ब्राह्मण होते म्हणून हा घास त्यांना मिळाला. त्यांच्या कष्टांविषयी आदर ठेवूनही ही गोष्ट आपण विसरू नये. त्याच वयाचा महार किंवा चांभार मुलगा तेवढ्याच तळमळीने काशीला गेला असता तर पहिल्या पायरीवरूनच परतला असता.

काशीहून ते नेपाळला गेले. तिथे जिवंत बौद्ध धर्म सापडेल अशी आशा होती. ती फोल ठरली. मग बोधगया. तिथे एका भिक्खूंनी सांगितलं की धम्म शिकायचा असेल तर सिंहलद्वीप गाठ. कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या मदतीने १९०२मध्ये ते कोलंबोला पोहोचले आणि विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पाली शिकायला लागले. तिथेच श्रामणेर झाले. तिथलं अन्न मानवेना, तब्येत ढासळली, तेव्हा मद्रासमार्गे ब्रह्मदेश गाठला आणि उपसंपदा घेतली. सिंहली लिपीतून वाचलेलं आता बर्मी लिपीतून वाचायचं. मधल्या काळात उत्तरेतल्या बौद्ध स्थळांची यात्रा, एकांतात ध्यानाचा अभ्यास, पुन्हा ब्रह्मदेश. इंग्रजीचा आधार नाही, मार्गदर्शक पुस्तक नाही, खिशात पैसा नाही. आज एका क्लिकवर उघडणारा मज्झिम निकाय त्यांनी असा मिळवला.

१९०६मध्ये ते कलकत्त्याला आले. वंगभंगाची चळवळ जोरात होती आणि नव्या राष्ट्रीय शिक्षणाच्या वाऱ्यात पाली शिकवणारा माणूस लोकांना हवा होता. कोसंबींनी चीवर उतरवलं आणि शिक्षक झाले. आधी नॅशनल कॉलेज, मग कलकत्ता विद्यापीठ. चीवर उतरवणं आपल्यातल्या काहींना पडती बाजू वाटते. मला उलट वाटतं. ग्रंथांमध्ये जे मिळालं ते आपल्या लोकांपर्यंत न्यायचं तर कुठेतरी पाय रोवून उभं राहावं लागेल, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्याच वर्षी ते गोव्याला गेले. जवळजवळ सात वर्षांनी. माणिक तेव्हा सातेक वर्षांची. जन्मदात्याला ती मुलगी पहिल्यांदा कळत्या डोळ्यांनी बघत होती. पुढच्या वर्षी, जुलै १९०७मध्ये, दामोदरचा जन्म झाला. हेच पुढचे गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी.

इथून पुढची त्यांची धडपड मला वाचण्यासारखी वाटते, कारण ती परत आलेल्या माणसाची आहे. कलकत्त्यात पगार बरा होता, मान होता. पण मराठी मुलखात पालीचा गंध नाही ही गोष्ट त्यांना खात होती. बडोद्याचे सयाजीराव महाराज त्यांना महिना पन्नास रुपये द्यायला तयार झाले. अट एवढीच की महाराष्ट्रात कुठेही राहा आणि लिहा. कोसंबींनी कलकत्त्याची कितीतरी जास्त मिळकत सोडून हे पन्नास रुपये घेतले. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर काही वर्षांनी, १९१३मध्ये, भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले, हे वाचकांना सांगायला नको.

आता, पन्नास रुपयांचा निर्णय थोर होता हे खरंच. पण त्या पन्नास रुपयांत घर चालवणारी व्यक्ती दुसरी होती. चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांच्या घरी हा हिशेब आजही असाच असतो. मानधन कमी घ्यायचा निर्णय भाऊ घेतात आणि किराण्याची यादी वहिनी छोटी करतात.

१९१०मध्ये त्यांचं 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे व्याख्यानांचं छोटं पुस्तक आलं. त्याच वर्षी ते अमेरिकेला निघाले. हार्वर्ड विद्यापीठात हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या विद्वानाने विसुद्धिमग्गाची चिकित्सक आवृत्ती सुरू केली होती आणि ती अर्धवट टाकून ते वारले होते. प्राध्यापक लॅनमन यांना ते काम पुरं करणारा माणूस हवा होता.

विसुद्धिमग्ग हा काही सोपा ग्रंथ नाही. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिंहलद्वीपात तो रचला. शील, समाधी, प्रज्ञा या तीन पायऱ्यांवर संपूर्ण साधनामार्ग त्यात मांडला आहे. चाळीस कम्मट्ठानं, म्हणजे ध्यानाचे चाळीस विषय. मातीच्या वर्तुळावर चित्त लावण्यापासून प्रेताच्या अवस्थांचं चिंतन करण्यापर्यंत. पुढे ऋद्धींची प्रकरणं आहेत, चित्तक्षणांची बारीक विभागणी आहे. एकदा आत शिरलं की बाहेरचं जग फिकं वाटू लागतं, आणि तिथेच वाचणारा अडकतो.

पण याच ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात दहा पलिबोधांची यादी आहे. पलिबोध म्हणजे साधकाच्या वाटेतले अडथळे. निवासस्थान, दायक कुटुंबं, लाभ, शिष्यगण, बांधकाम, प्रवास, नातलग, आजार, ग्रंथ आणि ऋद्धी. नववा अडथळा ग्रंथ! सतत पठण-पाठणात गुंतलेल्या भिक्खूला ग्रंथाभ्यास हाच अडथळा होतो, असं बुद्धघोष सांगतात. जो तसा गुंतलेला नाही त्याला तो अडथळा नाही, हेही सांगतात. मग एका थेरांची गोष्ट येते. मज्झिम निकाय मुखोद्गत असलेल्या या थेरांनी ध्यानविषय घेतला आणि एकोणीस वर्षं पाठ केला नाही. विसाव्या वर्षी अर्हत झाले आणि नंतर शिकवायला बसले तर एका अक्षरालाही अडखळले नाहीत.

नातलगांविषयी काय म्हटलंय ते तर आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात वाचून दाखवावं असं आहे. आचार्य, उपाध्याय, सोबती भिक्खू, त्याचबरोबर घरची आई, वडील, भाऊ, यांच्यापैकी कुणी आजारी पडलं तर तो साधकाला पलिबोध होतो. मग तो तोडायचा कसा? त्यांची शुश्रूषा करून, त्यांना बरं करून. पाठ फिरवून निघून जा असं तिथे नाही. भिक्खूंसाठी लिहिलेल्या ग्रंथात हे आहे. तापाने फणफणलेल्या बाळाशेजारी बसून अनित्यतेचा दाखला देणाऱ्या आमच्या त्या भावाने हे प्रकरण बहुधा ओलांडून थेट चित्तक्षणांवर उडी मारली होती.

या ग्रंथाच्या संपादनाने कोसंबींचं अर्धं आयुष्य घेतलं. हार्वर्डची पहिली खेप श्रेय कुणाचं या वादात संपली. लॅनमन यांच्याशी पटलं नाही आणि १९१२मध्ये ते परतले. मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १९१८पर्यंत पाली शिकवलं. ही सहा वर्षं मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत फळलेली वाटतात. कुटुंब सोबत, ठरलेली नोकरी, वर्गात विद्यार्थी. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत अशी पाली अभ्यासकांची फळी याच काळात त्यांच्या हाताखाली उभी राहिली. 'बुद्धलीलासारसंग्रह' याच वर्षांतलं. महाराष्ट्रात पालीचा जो काही अभ्यास पुढे रुजला, त्याचं मूळ या रोजच्या घंटा वाजल्यावर वर्गात जाणाऱ्या मास्तरांकडे जातं. जंगलातली साधना लोकांना आठवते, हजेरीपट कुणाला आठवत नाही.

१९१८मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले. या वेळी माणिक आणि दामोदर यांना सोबत नेलं. ज्या मुलीला तान्ही सोडून गेले होते तिला शिकवायला बोस्टनजवळ नेणं, यात प्रायश्चित्ताचा अंश होता का, हे मी ठरवू शकत नाही, पण ती गोष्ट मला त्यांच्या कितीतरी ग्रंथांपेक्षा मोठी वाटते. बालाबाई मात्र धाकट्या दोन मुलींना घेऊन इथेच राहिल्या. पुढे अमेरिकेच्या आणखी दोन खेपा झाल्या. १९३२मध्ये विसुद्धिमग्गाचं काम एकदाचं हातावेगळं झालं.

मधल्या काळात अहमदाबादचं गुजरात विद्यापीठ आणि १९२५मध्ये 'समाधिमार्ग'. विसुद्धिमग्गाचा ध्यानाचा भाग त्यांनी या छोट्या पुस्तकात साध्या मराठीत उतरवला. ज्याला मूळ ग्रंथाची धडकी भरते त्याने आधी हे वाचावं. कोणतं कम्मट्ठान कोणत्या स्वभावाच्या माणसासाठी, हे ते शिक्षकाच्या धीराने समजावतात. विद्वत्तेचा भार वाचकाच्या डोक्यावर ठेवत नाहीत. हा गुण मला वाटतं बऱ्याच उशिरा, बरंच काही गमावून येतो.

१९२९मध्ये ते लेनिनग्राडला बौद्ध विद्येच्या संस्थेत गेले. रशियातून परतले तर इथे मिठाचा सत्याग्रह सुरू होता. चौपन्नाव्या वर्षाकडे झुकलेला, मधुमेहाने त्रासलेला हा पाली पंडित शिरोड्याला गेला, विलेपार्ल्याच्या छावणीत राबला, तुरुंगातही गेला. पुस्तक मिटून रस्त्यावर उतरायचं असतं तेव्हा ते उतरले, हे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. विसुद्धिमग्गाच्या चिकित्सेचं काम तेव्हाही अपुरंच होतं.

१९३७मध्ये मुंबईच्या परळमध्ये बहुजन विहार सुरू झाला. पैसा बिर्लांचा, कल्पना कोसंबींची. गिरणी कामगारांच्या वस्तीत विहार, हे त्यांच्या मनात होतं. भोवती गिरण्यांचे भोंगे, चाळी, तीन पाळ्या. कोसंबी काही काळ तिथे राहिले, पण त्यांनी योजलं होतं तसं काम तिथे उभं राहिलं नाही. याची कारणं आपण आपल्यात बोलायला हवीत. एका उद्योगपतीच्या देणगीवर, एका विद्वानाच्या सदिच्छेवर कामगार वस्तीत धम्म रुजत नसतो. वीसच वर्षांनी त्याच परळ-वरळी-नायगावच्या चाळींतून माणसं नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परतली. त्यांना कुणी विहार बांधून दिला नव्हता. त्यांच्यामागे त्यांची स्वतःची चळवळ होती.

'भगवान बुद्ध' हे त्यांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक १९४०-४१चं. त्यातलं बुद्धाच्या गृहत्यागाचं प्रकरण त्यांचं आयुष्य माहीत असताना वाचलं की वेगळंच दिसतं. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी बघून सिद्धार्थ मध्यरात्री झोपलेल्या बायकोला आणि बाळाला सोडून गेला, ही कथा ते बाजूला ठेवतात. जुन्या सुत्तांत ती नाही. मज्झिम निकायातल्या अरियपरियेसन सुत्तात आईवडील रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत, सिद्धार्थ केस उतरवून निघतो. आणि कारण म्हणून कोसंबी अत्तदंड सुत्ताकडे बोट दाखवतात : आपसांत शस्त्रं उगारणारी माणसं, शाक्य-कोलीयांचा कलह. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये हाच संघर्ष गृहत्यागाच्या मुळाशी आहे, आणि तिथे सिद्धार्थ यशोधरेशी बोलून, तिची संमती घेऊन निघतो.

पासष्टीला आलेला माणूस, ज्याने स्वतः तान्ही मुलगी सोडून घर सोडलं होतं, तो बसून लिहितोय की बुद्ध असा चोरपावलांनी गेला नव्हता. संशोधन म्हणून ते पक्क्या पुराव्यावर उभं आहेच. पण लिहिताना त्यांना सांखवाळचा तो डिसेंबर आठवला नसेल असं मला वाटत नाही.

शेवटचा भाग अवघड आहे आणि तो गाळून चरित्र सांगणं बरोबर नाही. शरीर थकलं होतं, व्याधी वाढल्या होत्या. आपण आता कुणाच्या उपयोगाचे नाही, उलट भार आहोत, असं त्यांच्या मनाने घेतलं. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर शेवटच्या वर्षांत मोठा प्रभाव होता. त्यांनी अन्न सोडलं. गांधीजींच्या आग्रहाने एकदा ते थांबलेही. पण जून १९४७मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात अन्नत्यागातच त्यांचा अंत झाला. काही जण याला समाधी म्हणून गौरवतात. मला ते पटत नाही. देह कष्टवण्याचा मार्ग तथागतांनी स्वतः तपासून सोडून दिला होता, आणि म्हातारपणी आजारी माणसाने स्वतःला भार समजावं हे आपल्यासारख्या भोवतीच्या माणसांचं अपयश आहे. ज्यांनी आजाऱ्याची शुश्रूषा हा साधनेचा भाग म्हणून संपादित केला, त्यांना स्वतःची शुश्रूषा करून घेणं मात्र जमलं नाही.

बालाबाईंच्या वाट्याचं या चरित्रात अजूनही थोडंच येतं. त्यांची नात मीरा कोसंबी पुढे समाजशास्त्रज्ञ झाल्या, स्त्रियांच्या इतिहासावर आयुष्यभर काम केलं आणि आजोबांचं 'निवेदन' इंग्रजीत आणलं. आमच्या पिढीतल्या पुष्कळांना कोसंबी घराणं भेटलं ते आधी मीराताईंच्या लिखाणातून.

विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती कोसंबींनी हयातीतच, १९४०मध्ये, मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडून काढली होती. हार्वर्डची आवृत्ती १९५०मध्ये छापून आली, ते गेल्यानंतर तीन वर्षांनी. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचं नाव आहे आणि संस्करण करणारे म्हणून कोसंबींचं. दोन्ही आवृत्त्यांत तिसऱ्या प्रकरणात दहा अडथळ्यांची ती यादी आहे. आजारी आईची शुश्रूषा सातव्या अडथळ्यात येते आणि ग्रंथ नवव्या क्रमांकावर आहेत.